नोकरीची दवंडी आणि पेढीचे दार

संघाच्या चिटणिसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत अशी सूचना केली, तेव्हा डाळींच्या तेजीमंदीवर किंवा बाजार समितीच्या नियमांवर काही लिहावे, असाच आमचा विचार होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वखारीतील थप्प्यांजवळ आणि खतावणीच्या पानांवर. तेव्हा ज्या विषयात केस पांढरे झाले त्याच विषयावर बोलणे शहाणपणाचे होते. परंतु गेल्या तीन वर्षांत आमच्या पेढीवर असा एक प्रसंग घडला, की तो सभासद बंधुभगिनींपुढे मांडल्यावाचून राहवत नाही. पदवी घेतलेल्या तरुण-तरुणींना आपल्या पेढीकडे बोलवावे कसे, ती निरनिराळ्या घरांतून, गावांतून व जातिधर्मांतून यावीत यासाठी काय करावे, आणि समाजमाध्यमांवर बोलणाऱ्या ज्या मंडळींना आजची पिढी ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणते, त्यांची या कामी मदत घ्यावी की घेऊ नये, असा हा विषय आहे. या प्रसंगात आमच्या हातून एक चूक घडली. ती झाकून उरलेले सांगितले असते तर लेख नेटका दिसला असता. पण वाचकांशी तो खरा व्यवहार झाला नसता.

ओळखीची वाट

आमची पेढी बेळगावच्या रविवार पेठेतली. वडिलांच्या काळी पेढीवर माणूस ठेवायचा तर जाहिरात ठाऊकच नव्हती. मामांच्या गावचा मुलगा, मेहुण्यांनी धाडलेला भाचा, बोर्डिंगात राहून शिकलेला एखादा गरजू विद्यार्थी, असा कोणीतरी यायचा. आधी झाडलोट व टपालाचे काम करायचा, मग रोजकीर्द लिहायला बसायचा आणि दहा-पंधरा वर्षांत दिवाणजी व्हायचा. या पद्धतीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. उधारी, तिजोरीची किल्ली आणि भावाची बातमी या तीन गोष्टी ज्याच्या हाती द्यायच्या, त्याचे घरदार ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर नव्हती. मुलाने काही वाकडे केले तर त्याच्या वडिलांना विचारता येत असे. तेच त्याचे जामीन.

पण धंदा बदलला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल धाडताना ई-वे बिल आले. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद व लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवरही ५ टक्के कर बसला. आमच्या चिरंजीवांनी त्याच सुमारास पॅकबंद डाळींचे काम वाढविले, आणि हिशेब, खरेदी व मालाची तपासणी जाणणाऱ्या दोन पदवीधरांची गरज निर्माण झाली. आम्ही जुन्या रिवाजाप्रमाणे मंदिरात दोघांच्या कानी घातले, दोन लग्नांत विषय काढला, नातलगांच्या मोबाइलवरील गटात एक संदेश टाकला. अर्ज आले अकरा. अकराही मुलगेच. घरे पाहिली तर पाच. आडनावे त्याहून थोडी. त्यांतले बरे होते ते पुण्याला किंवा बेंगळुरूला दुसरीकडे जागा मिळेपर्यंत येथे थांबू इच्छिणारे होते, हे बोलताना लपत नव्हते.

हा केवळ आमच्या पेठेचा अनुभव असावा असे आम्हांला वाटे. आमची नात वाणिज्य शाखेत शिकते. तिने सांगितले, की या गोष्टीवर फार पूर्वी विद्वानांनी काम केले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी वरच्या पदांवर नोकरी करणाऱ्या पुरुषांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७३ व १९७४ साली प्रसिद्ध केले. त्यात निम्म्याहून अधिकांना, म्हणजे सुमारे ५६ टक्क्यांना, नोकरी ओळखीतूनच लागलेली आढळली. म्हणजे अमेरिकेसारख्या देशातही माणसे जाहिरातीपेक्षा ओळखीवरच चालतात. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या ओळखीतून नोकरीची बातमी मिळाली, ती ओळख बहुतेकांच्या बाबतीत सख्ख्या मित्राची किंवा भावाची नव्हती. अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या परिचितांची ती ओळख होती.

कारण विचार केला तर सोपे आहे. जवळची माणसे आपल्याच ओसरीवर बसतात. आपल्याला जे ठाऊक, तेच त्यांना ठाऊक. लांबचा परिचित दुसऱ्या ओसरीवरून उठून आलेला असतो. कलबुर्गीच्या तुरीची खरी आवक कळायची असेल तर आपण शेजारच्या दुकानदाराला विचारत नाही, तिकडून आलेल्या ट्रकवाल्याला विचारतो, तसेच हे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतूनही हेच दिसले, की नोकरी बदलण्यास अगदी निकटच्या ओळखीपेक्षा काहीशी लांबची ओळख अधिक उपयोगी पडते. मात्र अगदीच नाममात्र ओळख असेल तर तिचाही तितकासा उपयोग नाही.

आमचे अकरा अर्ज पाच घरांतून का आले, याचा उलगडा येथे झाला. आम्ही आमच्याच ओसरीवर हाक मारली होती आणि आमच्याच ओसरीने ओ दिली होती.

दवंडीवाला कोण असावा?

आता ही लांबची ओळख विकत कशी आणावी? येथे इन्फ्लुएन्सर मंडळींचा प्रश्न येतो. आमच्या मनात त्यांच्याविषयी फारसा आदर नव्हता. तेल, साबण, पावडर यांची भलावण करणारी तोंडे, एवढेच आम्ही जाणत होतो. नातीने समजूत घातली. ती म्हणाली, “आजोबा, एखादी मुलगी रोज दोन मिनिटे बोलते, अभ्यास कसा केला, बसचा पास कसा काढला, मुलाखतीला काय घालून गेले हे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्या हजारो मुलींना ती ओळखीची वाटू लागते. ती त्यांची मैत्रीण नसते, पण परकीही नसते.” आम्ही विचार केला, की ग्रॅनोव्हेटर ज्याला लांबचा परिचित म्हणतो, तो हाच, फक्त एकाचा नव्हे, हजारोंचा.

मग आमचा दुसरा आक्षेप असा, की मध्ये माणूस कशाला? कंपनीला पैसे भरून सरळ जाहिरातच का देऊ नये? यालाही उत्तर मिळाले, आणि ते व्यापाऱ्याला चटकन समजेल असे आहे. फेसबुकवर पूर्वी जाहिरात देणाऱ्याला ती कोणत्या वयाच्या, स्त्री की पुरुष, कोणत्या भागातल्या माणसांना दाखवावी हे निवडता येत असे. नोकरीच्या जाहिराती म्हाताऱ्यांना किंवा स्त्रियांना दिसूच नयेत अशी सोय त्यातून होऊ लागली. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या संघटनांनी दावे केले आणि मार्च २०१९ मध्ये तडजोड होऊन त्या देशात नोकरी, घर व कर्ज यांच्या जाहिरातींसाठी वय, लिंग व पिनकोड यांनुसार निवड करण्याची सोय काढून टाकावी लागली.

पण निवड न करताही निवड होते, हे आन्या लॅम्ब्रेख्त व कॅथरीन टकर या दोन विदुषींनी दाखविले. विज्ञान व तंत्रज्ञानातील नोकऱ्यांची माहिती देणारी एक जाहिरात त्यांनी १९१ देशांत दिली. ती स्त्री-पुरुष दोघांसाठी होती. कोणताही भेद मागितलेला नव्हता. तरीही ती स्त्रियांपेक्षा पुरुषांना २० टक्क्यांहून अधिक प्रमाणात दाखविली गेली. स्त्रियांना रस नव्हता म्हणावे, तर ज्या स्त्रियांना ती दिसली त्यांनी ती पुरुषांपेक्षा अधिकच उत्सुकतेने उघडली. कारण होते भावाचे. तरुण स्त्रियांनी आपली जाहिरात पाहावी यासाठी सारे विक्रेते चढाओढ करतात, म्हणून त्यांच्या नजरेचा दर चढा. आणि कमी पैशांत जास्त लोकांना दाखविण्याचा हिशेब करणारे यंत्र स्वस्त नजरेकडे वळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेले हे संशोधन ऐकून आम्ही थक्क झालो. यंत्राच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. त्याने फक्त स्वस्त माल उचलला होता. तेव्हा कोणाच्या कानी पडायला हवे हे आपल्याला ठरवायचे असेल, तर ज्याचे श्रोते कोण हे ठाऊक आहे, असा माणूसच निवडावा लागतो.

सुरुवातीला आमच्या चिरंजीवांचे मत लाखो श्रोते असलेल्या एखाद्या मोठ्या नावाकडे झुकत होते. नात म्हणाली, “खानापूरच्या मुलीला बोलवायचे आणि दवंडी मुंबईत पिटायची, हे कसे?” तिने सुचविलेली तरुणी जिल्ह्यातलीच होती. श्रोते लाखांत नव्हते. पण जे होते ते बहुतेक तालुक्याच्या महाविद्यालयांतील मुली, आणि ती मराठी व कन्नड दोन्ही भाषांत सहज बोलत असे. तिचा मोबदला एका ट्रकच्या बेंगळुरूपर्यंतच्या भाड्याहून कमी होता.

मात्र तिने अटी घातल्या आणि त्या ऐकून आम्हांला घाम फुटला. पगाराचा आकडा स्पष्ट सांगणार. कामाची वेळ, वखारीतील धूळ, चढायचा जिना, सारे आहे तसे दाखविणार. आणि पैसे घेऊन बोलत आहे हे आरंभीच सांगणार. ही शेवटची अट तिची मर्जी नव्हती. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोबदला घेऊन केलेली भलावण ही जाहिरात आहे, हे ठळकपणे व त्याच भाषेत सांगणे आवश्यक आहे. फसवी जाहिरात ठरल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग ती पेढी पाहायला आली. सारे पाहून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, “काका, येथे बायकांसाठी स्वच्छतागृह कोठे आहे?” ते नव्हते. ऐंशी वर्षांच्या पेढीत ते कधी लागलेच नव्हते, कारण पेढीवर कोणी स्त्री कधी कामाला बसलीच नव्हती. ती म्हणाली, ते झाल्यावर मला बोलवा. जाहिरात तीन आठवडे लांबली आणि मागल्या अंगणात बांधकाम झाले. दवंडी पिटण्याआधी घर आवरावे लागते, हा आमचा पहिला धडा.

आमची चूक

चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि पंधरा दिवसांत शंभरावर अर्ज आले. निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक, पलीकडे चंदगड. मराठी, कन्नड, उर्दू घरांतली मुले. निम्म्याच्या आसपास मुली. आम्ही आणि चिरंजीव दोन रात्री अर्ज वाचीत बसलो. या मुलामुलींपैकी कित्येक आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहत होती, आणि आम्ही माणसे मिळत नाहीत म्हणून सभांतून तक्रार करीत होतो.

त्यांतला एक अर्ज आमच्याच बाजार आवारात पोती उतरविणाऱ्या हमालाच्या मुलीचा होता. तो गृहस्थ वीस वर्षे आमच्या ट्रकांवर आहे. मुलगी बी.कॉम. प्रथम वर्गात उत्तीर्ण, कर विवरणपत्रांचा अभ्यासक्रम केलेली. मुलाखतीला आली तेव्हा आम्ही सहज विचारले, “अगं, तुझे वडील रोज आमच्या दारात असतात. आजवर कधी विचारलेस का नाहीस?” ती जरा थांबली आणि म्हणाली, “सावकार, तुमच्याकडं बाहेरचं माणूस घेत न्हाईत असंच ऐकून होते. त्या ताईंनी सांगितलं म्हणून अर्ज घातला.”

पन्नास पावलांवरच्या मुलीला आमच्या दाराची बातमी पन्नास मैलांवरच्या तरुणीकडून मिळावी लागली. या एका वाक्याने आम्ही सावध व्हायला हवे होते. झालो नाही. आम्ही तिला विचारले, लग्न ठरले आहे काय, लग्नानंतर नोकरी करशील काय. मुलग्यांपैकी एकालाही आम्ही हे विचारले नाही. मनात दुसराही एक विचार होता, आणि तो लिहिताना लाज वाटते: बाप खाली पोते वाहणार आणि मुलगी वर मेजाशी बसून त्याची मजुरी मांडणार, हे बरे दिसेल का? शेवटी दोन जागांसाठी दोन मुलगे निवडले. त्यांतला एक आमच्या व्याह्यांच्या परिचयातला होता. कामाला वाईट नव्हता. पाच महिन्यांत बेंगळुरूला गेला.

तेव्हा आम्ही त्या मुलीला निरोप धाडला. उशीर झाला होता. हुबळीच्या एका डाळमिलमध्ये ती हिशेबनीस म्हणून लागली होती. तिचे वडील निरोपाचे उत्तर घेऊन आले, “तिकडं बरं चाललंय तिचं,” एवढेच बोलले आणि खालच्या ट्रककडे गेले. त्यांनी दोष दिला असता तर बरे वाटले असते.

आम्ही दवंडी गावभर पिटली, पण दार जुनेच ठेवले. असे करण्याने न बोलवण्यापेक्षा अधिक अन्याय होतो. कारण न बोलविलेला माणूस आपल्या वाटेने जातो, आणि बोलवून परत पाठविलेला माणूस मनात एक गोष्ट पक्की करून जातो. पुढच्या वेळी तो कोणाच्याही हाकेला ओ देत नाही.

दार कसे रुंदावले?

हा आमचा एकट्याचा दोष नव्हे, हे पुढे वाचनात आले. त्याने दोष कमी होत नाही, पण उपाय सुचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ साली एक प्रयोग सुरू केला व २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांत आलेल्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज धाडले. अर्जदार पदवीधर, पात्रता सारखी. फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश निघाला. मुलाखत अजून झालेलीच नव्हती. नुसते आडनाव वाचून कागद बाजूला पडत होते.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील सरकारने आणि काही मोठ्या संस्थांनी अर्ज वाचताना उमेदवाराचे नाव झाकून ठेवण्याचे मान्य केले. त्याच वर्षी ई वाय या हिशेबतपासणीच्या मोठ्या कंपनीने तेथील पदवीधर उमेदवारांसाठी असलेली किमान गुणांची अट काढून स्वतःच्या चाचण्यांवर भर देण्याचे ठरविले. आम्ही हे वाचले तेव्हा वाटले, की आपण धान्याच्या बाबतीत हे नेहमीच करतो. तपासणीसाठी नमुना धाडताना पिशवीवर क्रमांक घालतो. शेतकऱ्याचे नाव घालत नाही. ओलावा किती, खडा-माती किती, डागी दाणा किती, एवढेच पाहून प्रत ठरते. मुगाला जो न्याय आपण देतो, तो माणसाला देण्यास आमची साठी उलटावी लागली.

मागल्या वर्षी पुन्हा जागा निघाली तेव्हा आम्ही पद्धत बदलली. हाक मारायला त्याच तरुणीला बोलाविले आणि तिच्या जोडीला ग्रामीण मुलांत ऐकला जाणारा एक कन्नड भाषिक तरुण घेतला. अर्ज आल्यावर नातीने नावे, पत्ते व छायाचित्रे झाकून प्रत्येकाला क्रमांक दिला. सर्वांना तीच तीन कामे दिली: कराच्या बिलातील चूक शोधणे, तुरीच्या एका गाडीतील ओलाव्याची व तुटीची वजावट काढणे, आणि माल खराब निघाल्याची तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला सभ्य उत्तर लिहिणे. चिरंजीवांनी आणि बाहेरच्या एका हिशेबनीसांनी निरनिराळे बसून गुण दिले. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवले, सर्वांना तेच विचारले. लग्नाचा, घराचा, पेठेचा प्रश्न कोणालाही नाही. आम्ही खोलीत बसलो, पण तोंड उघडायचे नाही असे ठरवून.

खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याची मुलगी आणि बेळगावातीलच एक मुस्लिम तरुण, असे दोघे निवडले गेले. क्रमांकांवरून नावे उघडली तेव्हा आम्हांला आश्चर्य वाटले, हे कबूल करतो. दोघेही अद्याप आमच्याकडे आहेत. चुका करतात, आम्ही रागावतो, ते सुधारतात. जसे भाचे-पुतणे करीत. त्या तरुणाने पहिल्याच तिमाहीत एका वाहतूकदाराला आम्ही काही फेऱ्यांचे भाडे दोनदा दिल्याचे शोधून काढले. तेवढ्या वसुलीत दोन्ही इन्फ्लुएन्सरांचा मोबदला निघाला.

काही सभासद विचारतील, की विश्वासाचे काय? आमचे उत्तर असे, की पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली आपण पुतण्याच्याही हाती देत नव्हतो. विश्वास हा कामातून वाढतो. आडनावाने फक्त तो आधीच आहे असा भास होतो.

सभासदांसाठी काही सूचना

ज्यांना हा मार्ग अनुसरायचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाने ठरलेल्या काही गोष्टी येथे नमूद करतो.

१. इन्फ्लुएन्सर निवडताना श्रोत्यांची संख्या पाहू नये. श्रोते कोण आहेत, कोठले आहेत हे विचारावे. एकापेक्षा दोन असावेत. एकाच्या आवाजाला एकाच ओसरीवरचे लोक येतात.

२. पगार, वेळ व काम यांचा खरा आकडा सांगावा. मोबदला देऊन जाहिरात केली आहे हे लपवू नये.

३. अर्जदाराकडून कोणत्याही निमित्ताने एक रुपयाही घेऊ नये, आणि हे चित्रफितीतच सांगावे. नोकरीच्या नावाने पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. आपल्या नावाचाही कोणी वापर करू शकतो.

४. चित्रफितीतून बोलवावे, पण चित्रफितीवरून निवडू नये. जुलै २०२१ मध्ये टिकटॉकने अमेरिकेत उमेदवारांनी आपली चित्रफीतच अर्ज म्हणून पाठवावी अशी सोय काही आठवडे करून पाहिली. चिपोटले, टार्गेट अशा मोठ्या कंपन्या तीत होत्या. कल्पना आकर्षक खरी. परंतु गुणांच्या आधी चेहरा, रंग, कपडे व उच्चार पुढे येतात. ज्या गोष्टी झाकायला हव्यात त्याच उघड्या पडतात.

५. एकाच माध्यमावर विसंबू नये. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि लाखोंच्या श्रोत्यांची मंडळी एका रात्रीत मुकी झाली. महाविद्यालयाच्या फलकावर आणि पेढीच्या दारावरही मजकूर लावावा. दारावर लावलेला कागद हमालाच्या मुलीलाही दिसतो.

६. अर्ज किती आले एवढेच मोजू नये. कोठून आले, बोलाविले किती, निवडले किती, वर्षाने टिकले किती, असे चार रकाने वहीत मांडावेत. पहिला रकाना भरलेला आणि तिसरा पूर्वीसारखाच असेल, तर दोष दवंडीवाल्याचा नाही.

शेवटी एक गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच समाजातील, कोल्हापूरकडच्या कुंभोजचे. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. भाऊराव स्वतः खेडोपाडी फिरून मुले गोळा करीत. पण त्यांचे मोठेपण नुसत्या हाक मारण्यात नव्हते. जी मुले आली, ती एका पंक्तीला जेवली आणि एका छपराखाली निजली. हाक आणि दार ही दोन्ही एकाच हाताने उघडावी लागतात, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले. आम्हांला ते एका मोबाइलच्या निमित्ताने उमगले.

आमची नात पुढच्या वर्षी पदवीधर होईल. तिला बेंगळुरूच्या एखाद्या कंपनीत अनुभव घ्यायचा आहे. तेथे रविवार पेठ कोणाला ठाऊक नाही. आमच्या पेढीचे नाव, आमचा मान, आमचे व्याहीसोयरे, यांपैकी काहीही तिच्या अर्जासोबत जाणार नाही. तिचा कागद वाचणाऱ्याने तिचे काम पाहावे, आडनाव व लग्न पाहू नये, असे आम्हांला मनापासून वाटते. आपल्या मुलीसाठी आपण परक्या दाराकडून जे मागतो, ते आपल्या दारी आलेल्या परक्याच्या मुलीला देणे, एवढाच हा व्यवहार आहे.

त्या हमालाच्या मुलीची जागा आता भरलेली आहे. पण तिची धाकटी बहीण यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, असे तिच्या वडिलांकडून कळले. पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा पहिला कागद पेढीच्या दारावर लागेल. अर्ज तिने करावा की नाही, हे तिने ठरवायचे. आला तर त्याला इतरांसारखाच क्रमांक मिळेल.